इंजिनाला डोळं

ऐक की. नुसतं ऐक, मधी एक शब्द बोलू नको, न्हाईतर माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

ती संयोगिता हाय न्हवं, कुंभार गल्लीतली, सयाजी मूर्तिकारांची पोरगी? स्कूटीच्या डिकीत कायम रंगाच्या डब्या आणि ब्रश घेऊन फिरती ती? तिनं ह्या उन्हाळ्यात रेल्वेच्या इंजिनाला डोळं काढलं. व्हय, डोळं. बुबुळं, पापण्या, कोपऱ्यातली लाली, सगळं. हसू नको. मीबी आधी हसलोतो.

पहिल्यांदा तिच्या घरचं सांगतो, त्याबिगर कळायचं न्हाई. त्यांच्यात गणपतीचं सगळं काम घरातली सगळी मिळून करत्यात. कोण माती मळतंय, कोण साच्यातनं काढतंय, कोण सोंड घासतंय. पितांबर आणि दागिनं रंगवायचं काम संयोगिताचं. पण डोळं काढायचं काम, आखणी म्हणत्यात ती त्याला, ती फक्त तिच्या आबांची, म्हंजे सयाजींची. डोळं सगळ्यात शेवटी. तोपातुर ती मूर्ती म्हंजे माती. हिकडं उचल, तिकडं सरकव, वर पोतं टाक, काय वाटत न्हाई. पण एकदा डोळं काढलं की आबा मूर्तीसमोर आवाज चढवत न्हाईत, कुणाला पाठ करून बसू देत न्हाईत. आणि एक नियम हाय त्यांच्यात, पणज्यापासनं चालत आलेला. काढलेला डोळा पुसायचा न्हाई. चुकला तर मूर्ती गुमान पाण्यात सोडायची, पण फडकं लावायचं न्हाई. बघाय लागलेल्याला परत आंधळं करायचं न्हाई, असं त्यांचं म्हणणं.

तर झालं असं, गेल्या हिवाळ्यात आबांचा उजवा हात कापाय लागला. डाक्टर म्हणला आता हे असंच राहणार. चहाचा कप धरला की बशीत निम्मा. असला हात मूर्तीच्या डोळ्यापर्यंत न्यायचा कसा? मग उरली कोण, संयोगिता. हात असा की केसाएवढी सोनेरी रेघ पितांबराच्या काठावर एका दमात वढती. पण डोळ्यापाशी ब्रश नेला की थांबायची. बोटभर अंतरावर हात जागच्या जागी. तिच्याच छातीतलं ठोकं तिला ब्रशच्या टोकात दिसायचं म्हणं. एक चूक म्हंजे एक बाप्पा पाण्यात, ही भीती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीबी तेच. शेडमधी मूर्त्यांच्या रांगा लागत गेल्या, सगळ्या पांढऱ्याफटक डोळ्यांच्या. गल्लीतली माणसं काय गप्प बसत्यात व्हय? येता जाता इचारायची, काय सयाजी, ह्या वर्षी बाप्पा झोपूनच जाणार काय मंडपात?

आबांनी मग एक दिवस तिला समोर बसवून सांगितलं. रागानं न्हाई, लय मऊ आवाजात. आखाडात बाहेरगावचा आखणीवाला येईल, ह्या वर्षीचं डोळं तो काढंल. आणि पुढच्या वर्षापासनं शेड फरशीच्या गोडावनला देऊन टाकू. त्याच्या आत तुझा हात चालला तर मला सांग, मी त्याला येऊ नको म्हणतो. एवढंच. संयोगिता मान हलवून उठली, आणि त्या दिवसापासनं तिला शेडमधी बसवंना. एवढ्या बिनडोळ्यांच्या मूर्त्या, आणि सगळ्या तिच्याकडंच बघतायत असं वाटायचं.

तेवढ्यात ते गुरुप्रसाद सर आलं.

सर म्हंजे पॉलिटेक्निकात शिकवून रिटायर झालेलं, पातळ, गोरं, खिशात कायम मोजायचा टेप. त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी मिळून कळंब्याच्या तळ्याच्या अंगाला रेल्वेचं एक छोटं म्युझियम उभं केलंय. एक मोठं पत्र्याचं शेड, आत तीन इंजिनं. एक निळं डिझेलचं, एक खाणीतलं बुटकं, खेळण्यागत. आणि तिसरी काळी. तिला काळी हे नाव कळंब्याच्या माणसांनी दिलंय. वाफेचं इंजिन, लय जुनं, एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात कित्येक वर्षं बाभळीत अडकून पडलंतं. सरांनी ते सोडवून ट्रेलरवर घालून आणलं. आता कोल्हापुरात ट्रेलरवर एवढं मोठं काय आलं की माणसं काय समजणार? कोपऱ्यावरच्या मंडळाला वाटलं मिरवणूकच हाय. कुणीतरी हलगी काढली, कुणी नारळ फोडला, गुलाल उधळला. सर ट्रेलरसमोर हात जोडून म्हणायलेत, अहो हे प्रदर्शनासाठी आहे, ह्याला रंग लावू नका. कोण ऐकतंय. काळी कळंब्यात शिरली तेव्हा गुलाबी झालीती.

तर सरांना त्या काळीवर पिवळ्या रेघा मारायला माणूस पाहिजे हुता. काळा रंग शिरोली एमआयडीसीतल्या एका पोरानं मशीननं मारून दिलाता, चकचकीत. पण बॉयलरच्या पट्ट्यांवर, चाकांच्या कडंनं, कॅबच्या चौकटीला बारीक पिवळी रेघ पाहिजे हुती, पूर्वी हुती तशी, हातानं मारलेली. सरांनी जुना रंग पापुद्रा पापुद्रा खरवडून नेमका कुठला पिवळा हे शोधून काढलंतं. कुणीतरी त्यांना कुंभार गल्लीत पाठवलं, त्यांनी संयोगिताच्या पितांबराचा काठ बघितला आणि तिथंच म्हणलं, हाच हात हवा.

संयोगिता लगेच हो म्हणली. का, तर तिथं फक्त रेघा. डोळं काढायचं न्हाईत.

मग ती रोज दुपारी जाय लागली. सकाळी घरचं काम, दुपारी कळंबा. वैशाखातलं ऊन, तळ्याचं पाणी आत आत गेलेलं, कडंला मातीला भेगा. शेडमधी कुणी नसायचं. दारात तिकीट फाडायला आणि झाडलोट करायला तानाबाई, गावातलीच, पण उद्घाटन झालंच न्हवतं तर तिकीट कुणाचं फाडणार? ती आपली खुर्चीत मान टाकून झोपायची. आणि आत संयोगिता आणि काळी, दोघीच.

आता हे नीट ऐक. पत्र्याखाली दुपारी लोखंड तापलं की ते आतनं बोलतं. टक्. मग लांब कुठंतरी, चाकाच्या बाजूला, टुक्. मग बराच वेळ काय न्हाई. मग बॉयलरच्या पोटातनं, जुन्या माणसानं कूस बदलल्यागत, हळू असं काहीतरी. पहिल्या दिवशी संयोगिता दचकली. दुसऱ्या दिवशी तिनं कान लावला. तिसऱ्या दिवशी ती तिच्याशी बोलाय लागली. आज डाव्या अंगाची रेघ घेतो हं. गुदगुल्या झाल्या तर सांग. असं. रेघा अशा उतरत हुत्या की सर येऊन चष्मा वर करून नुसतं बघत बसायचं. तिचा हात तिथं थांबत न्हवता. पण घरी आली, मूर्तीसमोर बसली, की परत तेच. बोटभर अंतर.

शेवटी फक्त तोंडाकडचं काम राहिलं. इंजिनाला पुढं ते गोल काळं दार असतंय बघ, परातीसारखं, त्याच्या मागं धुराची पेटी असती. त्याच्या कडंनं एक पिवळं कडं मारायचं, की झालं. रविवारी उद्घाटन. रेल्वेचं मोठं मोठं लोक येणार, पेपरवालं येणार.

त्या दुपारी तिनं स्टूल लावलं, रंग कालवला, आणि ते तोंड बघत उभी राहिली. गोल, गुळगुळीत, काळंभोर. वर दिवा. बघता बघता तिला जडावल्यागत झालं. म्हणली दोन मिनिटं पडतो, आणि कॅबमधी चढून, जिथं ड्रायवर उभा राहायचा तिथं, गार लोखंडावर डोकं टेकून झोपली.

आणि काळी निघाली.

आवाज न्हाई, धक्का न्हाई. दारातनं बाहेर पडली तेव्हा तानाबाईच्या पदराचा काठ तेवढा हलला. रूळ तळ्यात उतरत हुतं आणि काळी पाण्यावरनं चाललीती, पण पाणी फुटत न्हवतं, कुणीतरी इस्त्री केल्यागत सपाट. संयोगिता भट्टीत फावड्यानं कोळसा टाकतीय, आणि बघती तर तो कोळसा न्हाईच, शाडूचं गोळं, ओलं. आणि धुराड्यातनं पांढरा कापूस सुटलाय, तो वाऱ्यावर जाऊन उसाच्या तुऱ्यांवर बसतोय. सगळा ऊस तुऱ्यावर आलेला, चंदेरी, दोन्ही बाजूंनी वाकून बघतोय. लांब जोतिबाचा डोंगर जमिनीपासनं वीतभर वर तरंगत हुता, खालनं गुलालाचा उजेड. मधीच स्टेशनं लागायची, पाट्यांवर नावं न्हाईत. आणि प्लॅटफॉर्मवर तिच्या शेडमधल्या मूर्त्या, रांगेनं बसलेल्या, मांडीवर हात ठेवून, बिनडोळ्यांच्या. इंजिनाचा आवाज जिकडनं येईल तिकडं सगळ्यांची तोंडं वळायची. कान हलायचं. गाडी थांबत न्हवती, आणि त्या बिचाऱ्या परत वाट बघत बसायच्या.

तेव्हा काळी बोलली. आवाज म्हंजे तोच, टक्, टुक्, पण आता शब्द कळत हुतं.

"कुठं आलो आपण?"

संयोगिता म्हणली, "रंकाळ्याजवळ असू."

"कसा दिसतोय?"

ती सांगाय लागली, पाणी असं हाय, घाट असा हाय. काळी ऐकत राहिली. मग म्हणली, "मी एवढी पळाली, पण आजवर कायबी बघितलं न्हाई बघ. आतला माणूस बघायचा आणि मी पळायची. आता आत कोणच चढत न्हाई."

एवढंच. दे म्हणली न्हाई, मागितलं न्हाई. नुसतं सांगितलं. आणि संयोगिताला असं झालं की हे एवढं सोपं काम, आपण कशाला एवढं दिवस खोळंबलोय. ती चालत्या इंजिनाच्या कडंनं, त्या अरुंद पट्टीवरनं, पुढं गेली. वारा न्हवता. पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, गोल दाराच्या डाव्या अंगाला टेकवला. बोटभर अंतर आलंच न्हाई. पहिली वरची रेघ, कमानीगत, मग खालची. पांढरं भरलं. बुबुळ काळं, त्यात कडंला तपकिरी. कोपऱ्यात लाल रंगाचा एक ठिपका पसरवून. मग उजवा. मग शेवटी बुबुळात तो एक पांढरा कण, उजेडाचा, तो ठेवला की डोळा ओला दिसाय लागतो बघ. तो तिनं ठेवला, आणि काळीनं तिच्याकडं बघितलं.

खाडकन भांडं पडल्याचा आवाज आला.

संयोगिता स्टुलावर उभी. हातात ब्रश, पायाशी डिकीतल्या रंगाच्या डब्या उघडलेल्या. शेड जागच्या जागी, इंजिन जागच्या जागी. दारात तानाबाई, पायापाशी पाण्याचा तांब्या लवंडलेला. आणि समोर, एवढं मोठं, अर्धवट मिटल्यागत, मायेनं बघणारं डोळं. ओलं. गणपतीचं.

तानाबाई काय किंचाळली न्हाई. हात जोडले, आणि हळूच म्हणली, "बया, ही बघाय लागली की." आणि चपला न घालता गावाकडं सुटली.

आता तूच सांग, कळंब्यात तानाबाईला कळलं म्हंजे काय राहिलं? दिवस मावळायच्या आत अख्खं गाव शेडच्या दारात. दुसऱ्या दिवशी सकाळी तर जत्राच. हळद-कुंकू, नारळ, अगरबत्ती. एकानं नवी कोरी बुलेट आणून काळीसमोर उभी केली, लिंबू ठेवलं चाकाखाली. कुणीतरी तिच्या बफरवर तेल वतलं. एका माणसानं नवस बोलला, पोरगं रेल्वेत चिकटू दे, तुला चांदीचा दिवा घालतो. त्याचा शेजारी म्हणला, आधी त्याला दहावी तरी पास होऊ दे की लका, काळी काय पेपर लिहिणार हाय काय त्याचा? कुणी वडाला बांधावा तसा दोरा चाकाला गुंडाळून गेलं. आणि संयोगिता एका कोपऱ्यात बसून नुसतं त्या डोळ्यांकडं बघतीय. तिनं काढल्यात. तिनं. आयुष्यातलं पहिलं. आणि असं डोळं आबांनीबी क्वचित काढलं असतील.

सर आलं. ओरडतील असं तिला वाटलंतं. पण न्हाई. गर्दी ओसरंपर्यंत एका बाजूला उभं राहिलं, मग पुढं जाऊन रुमालानं बफरवरचं तेल पुसलं, चाकाचा दोरा सोडवला, घडी घालून खिशात ठेवला. मग तिच्याजवळ येऊन बसलं.

"संयोगिता, फार सुंदर झालेत. म्हणूनच पुसायला हवेत."

तिनं वळून सरांकडं बघितलं.

"कालपर्यंत सकाळी एखादा माणूस डोकावला तरी वाकून बघायचा. हा दांडा कशाला, हे चाक कसं फिरतं, विचारायचा. आज सकाळपासून एकानंही काही विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त हात जोडले. आता हिच्याकडे कोणी बघणार नाही गं."

म्हणणं सरळच हुतं. त्या माणसानं बाभळीतनं सोडवून, पापुद्रा पापुद्रा खरवडून, हिला पूर्वी हुती तशी उभी केलीती. आणि पूर्वी हिला डोळं न्हवतं, हे खरं. सरांनी थिनरची बाटली आणि एक फडकं तिच्याजवळ ठेवलं. मी स्वतः पुसणार नाही, म्हणलं. तुझं काम आहे, तूच पूस. आणि बाहेर गेलं.

तिनं फडकं भिजवलं. स्टुलावर चढली. आणि हात थांबला. बोटभर अंतरावर. तेच छातीतलं ठोकं, तेच सगळं. काळी तिच्याकडं बघतीय. संयोगिताला पक्कं वाटलं, आज हे पुसलं तर हा हात परत कुठल्याच डोळ्यापाशी जायचा न्हाई. आखणीवाला येणार, शेडमधी फरशा येणार, संपलं. आणि न्हाई पुसलं तर ह्या माणसाच्या सगळ्या कष्टावर रविवारी तेल आणि कुंकू.

तिनं सरांना सांगितलं, संध्याकाळपातुर थांबा. आणि स्कूटी काढून घरी गेली, आबांना मागं बसवून घेऊन आली. वाटंत काय सांगितलं न्हाई. काय सांगणार?

आबा शेडमधी शिरलं आणि थबकलं. कुणी काढलं म्हणून इचारलं न्हाई. मूर्तीजवळ जात्यात तसं जवळ गेलं, चपला काढून. कापणारा हात वर केला, डोळ्याच्या कडंला तापलेल्या लोखंडावर टेकवला, आणि बराच वेळ तिथंच ठेवला. मग म्हणलं, "डावा माझ्यापेक्षा बरा आलाय."

संयोगिताच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. सर मागं उभं हुतं. त्यांनी आबांना सगळं समजावून सांगितलं, हिला पुसायला सांगा म्हणून. आबांनी मान हलवली. आमच्यात डोळा पुसत न्हाईत सर, म्हणलं. सर म्हणलं, अहो पण ही मूर्ती नाही. आबा म्हणलं, ते खरं हाय. आणि मग पोरीकडं वळलं.

"पोरी, बाप्पा दहा दिवस बघतो आणि पाण्यात जाऊन डोळं मिटतो. हिनं कुठं जायचं? तू हिला कायमची जागी करून ठिवलीस की गं."

हे तिच्या डोक्यातच आलं न्हवतं. तिनं काळीकडं बघितलं. खरंच की. शंभर वर्षं ह्या शेडमधी, पापणी न लवता. कोण आलं, कोण गेलं, रात्री पत्रा, दिवसा पत्रा. आणि मग ती म्हणली,

"पुसत न्हाई. मिटवतो."

सरांना आधी समजलं न्हाई. तिनं समजावलं. फडकं न्हाई, थिनर न्हाई. त्याच काळ्या रंगानं वरनं खाली पापणी वढत आणायची. आत डोळं तसंच राहतील, पण मिटलेलं. बाहेरनं बघणाऱ्याला नुसतं काळं दार. सर टेपशी चाळा करत उभं राहिलं, मग हळूच म्हणलं, चालेल.

पण तिचं एक म्हणणं हुतं. जागी झाल्यापासनं काळीनं बघितलं काय? निळ्या डिझेलची पाठ आणि नारळाच्या करवंट्या. एकदा बाहेर काढू. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि म्हणलं, तशीही चाकं महिन्यातून एकदा फिरवावीच लागतात, नाहीतर जाम होतात.

शेडपासनं तळ्याच्या बांधापातुर सरांनी रूळ टाकल्यालाच हाय, त्याच कामासाठी. तालमीतल्या पोरांना निरोप गेला. पोरं काय, इंजिन वढायचं म्हणल्यावर जोर मारून अंगाला माती लागलेली तशीच आली. दोर लावला. बायका मागनं हात लावून. हलगी हुतीच. आणि काळी हलली, भावा. आधी कुरकुरली, मग एकदम हलकी झाली, आणि मावळतीच्या उजेडात बाहेर आली, डोळं उघडं ठेवून.

बांधावर थांबवली. खाली तळं. पाणी कमी, पण मधी जेवढं हुतं तेवढं सगळं केशरी. बगळं. पलीकडं म्हशी गळ्यापातुर पाण्यात. हलगीवाल्यानं काठी खाली केली. सगळीच माणसं काळीच्या शेजारी उभी राहून, ती बघतीय तिकडं बघाय लागली. तळं काय त्यांनी बघितलं न्हवतं व्हय? रोजचंच. पण त्या दिवशी जणू कुणी पहिल्यांदा दाखवत हुतं.

मग सर, ते टेपवालं सर, हळूच म्हणलं, "आता काय दिसत असेल हिला?"

आणि माणसं सांगाय लागली. खरंच, काळीला सांगाय लागली. ते बघ, ते पाणी. ती टेकडी. ती लांब भिंत दिसतीय ती जेलची, तिकडं नको बघू. तानाबाई पुढं होऊन बोट दाखवून म्हणली, ती कडंची म्हस माझी हाय बरं का, शिंग वाकडं हाय बघ. कुणी हसलं न्हाई. आबा रुळावर बसलंतं, कापणारा हात मांडीखाली दाबून, आणि तळ्याकडं न बघता पोरीकडं बघत हुतं.

सूर्य टेकला तसं संयोगितानं स्टूल लावलं. काळा रंग घेतला. आणि वरच्या पापणीपासनं, वढ वढ करत, एकेक रेघ खाली आणत गेली. घाई न्हाई. लहान पोराला थोपटत्यात तसं. पहिल्यांदा उजवा. तो उजेडाचा कण झाकला तेव्हा मागनं एका बाईनं नाक वढलं. मग डावा, तो आबांपेक्षा बरा आलेला. खाली, खाली, खाली. आणि शेवटी तळाला एक पांढरी रेघ राहिली, दोऱ्याएवढी. गाढ झोपलेल्याची पापणी पुरती लागत न्हाई बघ कधी कधी, तशी. एक फटकारा मारला की झालं.

ब्रश तिथं थांबला. ह्या वेळी भिऊन न्हवं. तिनं थांबवला.

खालनं सर म्हणलं, झालं का गं? ती म्हणली, झालं सर. आणि ब्रश फडक्यात गुंडाळून खाली उतरली.

त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर ती हातपाय धुऊन शेडमधी बसली. रांगेतली पहिली मूर्ती पुढं वढली. आबा दारात उभं राहिलं, आत आलं न्हाईत. ती बसली ती डाव्या डोळ्यापासनं सुरू झाली आणि उजव्याचा कण ठेवूनच उठली. आबांनी पुढं होऊन मूर्तीच्या तोंडावर, मंडपात जाईपातुर झाकून ठेवत्यात तसा, स्वच्छ पंचा टाकला, आणि बाहेर जाऊन आखणीवाल्याला फोन लावला. फोन धरलेला हात कापत हुता म्हणं, पण बोलणं एकदम खणखणीत. येऊ नका पावणं, घरचंच माणूस हाय.

रविवारी उद्घाटन झालं. पावणं आलं, वाकून वाकून दांडं बघितलं, हे कशाला, ते कशाला, इचारून सरांचा घसा बसवला. सर लय खूश. काळी मुकाट झोपलेली, काळं गोल तोंड, पिवळं कडं. कळंब्याची माणसं अजून जात्यात, पण नारळ घेऊन न्हाई. पोरांना उचलून घेत्यात आणि हळू आवाजात म्हणत्यात, दंगा नको, झोपलीय.

आणि तो पांढरा दोरा तसाच हाय. तिकिटाच्या रेलिंगपासनं दिसत न्हाई. अगदी जवळ जाऊन, दुपारचं ऊन दारातनं तिरकं आलं तरच दिसतो. मी जाऊन बघून आलो. सरांनी बघितलाय का न्हाई कुणाला ठाऊक. त्यांचा चष्मा जाड हाय, पण माणूस बारीक बघणारा. त्यांना शब्द दिलाता तिनं, पूर्ण मिटवतो म्हणून. आणि आबांचं म्हणणं, जागी ठिवू नको. आणि तिला मात्र वाटलं, वर्षानुवर्षं पळून जिनं पहिल्यांदा तळं बघितलं, तिला एवढीशी फट असू दे.

खरं सांग. स्टुलावर तू असतास, हातात तो काळा ब्रश, खाली सगळा गाव श्वास धरून, आणि एकच रेघ राहिलेली. तू काय केलं असतंस?